लोह दिलं, एचबी वाढलं, पुन्हा उतरलं

काही मुलांच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्या जन्मतः चुकीच्या घडलेल्या असतात आणि तिथून नकळत रक्त गळत राहतं, त्याबद्दल लिहितेय. आधी एक हिशोब मांडते. एचबी (हिमोग्लोबिन) १२ असलेल्या १ मिलिलिटर रक्तात साधारण ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, म्हणजे चमचाभर रक्तात २ मिलिग्रॅम लोह. चार-पाच वर्षांचं मूल वरण-भात, पालेभाजी, नागलीची भाकरी, एखादं अंडं असं सगळं नीट खाऊनही दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह शोषून घेतं. आता समजा, त्याच्या आतड्यात रोज चमचाभर रक्त झिरपतंय. म्हणजे ते रोज कमावतं त्याच्या दुप्पट गमावतं. आणि एवढंसं रक्त वरच्या आतड्यातून सुटून शीमध्ये मिसळलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. ना लाल, ना काळं.

मी डॉक्टर नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं रक्त घेतेय आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघतेय. त्यामुळे आजार मला आकड्यांमधून भेटतात. त्यातली एक चाल ओळखीची झालीय: एचबी ६.६, मग तीन महिने लोहाचं औषध, एचबी १०.१, घरचे निश्चिंत, औषध बंद, आणि पाच महिन्यांत परत ६.९. फाइलवर दर वेळी एकच शेरा, 'लोहाची कमतरता'. शेरा बरोबरच असतो. लोह गेलं कुठे, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

ते का विचारलं जात नाही, हेही समजण्यासारखं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. तीन मुलांमागे दोन. एवढ्या गर्दीत आतल्या आत रक्त गळणारं एखादं मूल सहज हरवतं. सुरगाणा, पेठ, कळवणकडचं मूल असेल तर सिकलसेलचाही विचार करावा लागतो, आणि जंत तर सगळीकडेच. म्हणून एचबी कमी आलं की पहिल्याच दिवशी पोटात दुर्बीण घाला (एंडोस्कोपी करा), असं मी म्हणणार नाही. पण पूर्ण मात्रेत, पुरेसे महिने लोह दिलं, जंताचं औषध झालं, सिकलसेल-थॅलेसेमियाची तपासणी स्वच्छ आली, आणि तरीही वाढलेलं एचबी दुसऱ्यांदा घसरलं, तर गळती शोधायलाच हवी. त्या गळतीची कारणं अनेक. त्यातलं एक दुर्मीळ आणि फार उशिरा सापडणारं कारण म्हणजे आतड्यातल्या रक्तवाहिन्याच जन्मतः चुकीच्या घडलेल्या असणं. पुस्तकात याला 'विकृती' म्हणतात. आईसमोर तो शब्द मला उच्चारवत नाही, मी 'रचनादोष' म्हणते. डॉक्टरांच्या तोंडी मात्र 'माल्फॉर्मेशन' हाच शब्द ऐकू येईल.

निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हा दोष दोन मिनिटांत समजतो, कारण त्याच्या बागेत ठिबक असतं. विहिरीवरची मोटार पाणी जोरात मेन लाइनमध्ये ढकलते, तिथून ते सबमेनमध्ये, मग द्राक्षाच्या ओळीतल्या बारीक नळ्यांत, आणि शेवटी ड्रिपरमधून थेंब थेंब मुळाशी. शरीरात मोटार म्हणजे हृदय, मेन लाइन म्हणजे रोहिणी आणि ड्रिपर म्हणजे केशवाहिन्या. शरीराला आणखी एक काम करावं लागतं, वापरलेलं पाणी परत विहिरीत आणायचं. ते शिरा करतात. आणि बागेच्या कडेला चर खणलेला असतो तशा लसिकावाहिन्या, उरलासुरला ओलावा वाहून नेणाऱ्या.

ही सगळी पाइपलाइन बाळ पोटात असतानाच अंथरली जाते. त्यात शिरेच्या भिंतीतला स्नायूचा थर नीट बसला नाही तर ती शीर फुगत जाते आणि रक्त तिथे डबक्यासारखं साचतं. हा शिरांचा रचनादोष, संथ वाहणारा. मेन लाइन ड्रिपरला वगळून थेट परतीच्या पाइपला जोडली गेली, तर रक्त दाबाने नुसतं गोल फिरत राहतं, मधल्या पेशी उपाशी राहतात आणि हृदयावर फुकटचा भार पडतो. हा रोहिणी-शिरांचा, वेगवान. लसिकावाहिन्यांमध्ये गडबड झाली तर पाण्याच्या पिशव्या तयार होतात. संथ की वेगवान, हा पहिला प्रश्न, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात. मुलांच्या आतड्यात बहुतेक वेळा सापडतो तो संथ, शिरांचा दोष. शिरेची पातळ, फुगलेली भिंत आतड्याच्या अस्तराखाली असते, वरून अन्न घासत जातं, आणि झिरपणं सुरू होतं. कधी दिवसाला चमचाभर, कधी एकदम वाटीभर.

आता नावाचा घोळ. तो इथे थोडा सविस्तर सांगते, कारण नुसत्या नावापायी मुलांची वर्षं वाया जातात. 'हिमॅन्जिओमा' हा शब्द बऱ्याच रिपोर्टांवर कुठल्याही लाल-निळ्या गाठीला सरसकट लावलेला दिसतो. १९८२ साली बॉस्टनच्या जॉन मलिकेन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, आणि १९९६ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही त्याच पायावर उभं आहे. खरा हिमॅन्जिओमा ही पेशींची वाढ. बाळाच्या जन्मानंतर काही आठवड्यांत स्ट्रॉबेरीसारखा लाल डाग दिसू लागतो, काही महिने भराभर वाढतो, आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप मावळतो. त्याला प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध छान लागू पडतं. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांच्या हे योगायोगाने लक्षात आलं. हृदयासाठी ते औषध दिलेल्या बाळाचा हिमॅन्जिओमा विरघळायला लागला होता.

रचनादोष याच्या अगदी उलट वागतो. तो जन्मापासूनच असतो, मुलाबरोबर वाढतो, वयात येताना कधी जोर धरतो, आणि कधीच आपोआप जात नाही. त्यावर प्रोप्रॅनोलॉल काम करत नाही. 'हिमॅन्जिओमा आहे, मोठा झाला की जाईल' असं ऐकून घरचे वाट बघत बसतात, आणि खाली एचबी उतरत असतं. म्हणून रिपोर्टवर 'हिमॅन्जिओमा' लिहिलं असेल आणि मूल दोन-तीन वर्षांच्या पुढचं असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: हा मावळणारा प्रकार आहे की न मावळणारा? लहान बाळाच्या अंगावर असे पाच किंवा जास्त लाल डाग असतील तर यकृताची सोनोग्राफी करून घेतात, कारण ते आतही असू शकतात. क्वचित आतड्यातही.

आणि हो, यात आईचा काहीही दोष नाही. हे मला लॅबच्या खुर्चीत बसून इतक्यांदा सांगावं लागलंय की ते वेगळ्या परिच्छेदातच लिहिते. ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, पपई खाल्ली, यातलं काहीही कारण नसतं. गर्भ अगदी लहान असताना एका पेशीतल्या एका जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून जेवढा भाग घडतो, तेवढ्यात दोष उतरतो. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, त्यामुळे पुढच्या बाळाला तो होण्याची भीतीही सहसा नसते. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

डॉक्टर अशा मुलाचे सगळे कपडे उतरवून तपासतात तेव्हा घरच्यांना आश्चर्य वाटतं. पोटाचं दुखणं, मग तळपाय कशाला बघायचे? पण आतड्यातल्या दोषाची खूण पुष्कळदा कातडीवर असते. तळवे, तळपाय, जीभ, गालाची आतली बाजू, डोक्यावरच्या केसांखाली, पार्श्वभाग: कुठे निळसर, मऊ, रबरासारखी गाठ आहे का? बोटाने दाबली की ती बसते आणि बोट काढलं की हळूहळू परत भरते. शरद सीडलेस द्राक्षाचे मणी कातडीखाली ठेवावेत तशा दिसतात त्या. अशा अनेक गाठी कातडीवर आणि आतड्यात, विशेषतः लहान आतड्यात असणाऱ्या आजाराला 'ब्लू रबर ब्लेब नेव्हस सिंड्रोम' म्हणतात. १८६० साली गॅस्कॉयन या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, आणि १९५८ मध्ये विल्यम बीन यांनी त्याला हे रबरी नाव दिलं. बहुतेक रुग्णांच्या गाठींमध्ये 'टीईके' नावाच्या जनुकात बदल असतो, हे कळायला मात्र २०१७ उजाडलं. पायावरच्या दोन निळ्या गाठींना आई 'जन्मखूण' म्हणते, मूल दर सहा महिन्यांनी पांढरंफटक पडतं, आणि या दोन गोष्टींचा संबंध लावायला वर्षं जातात.

दुसरी खूण पायात. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड किंवा लांब, त्यावर जांभळट-लाल चट्टा, आणि बाहेरच्या बाजूने फुगलेल्या शिरा. १९०० साली पॅरिसच्या क्लिपेल आणि ट्रेनॉने यांनी वर्णन केलेला हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात काही मुलांच्या ओटीपोटातल्या शिराही बिघडलेल्या असतात, आणि शीच्या जागेतून लालभडक रक्त पडतं, दुखत मात्र नाही. इथे एक कानमंत्र. रस्त्यारस्त्यांवर मूळव्याध-भगंदराचे बोर्ड आहेत, आणि घाबरलेले वडील मुलाला तिथे घेऊन जातात. लहान मुलाला मूळव्याध फार क्वचित होते. पाच वर्षांच्या मुलाला कुणी 'कोंब आलाय, बांधून टाकू' किंवा 'सुई देऊ' म्हणालं तर उठा आणि निघा. तो कोंब फुगलेल्या शिरांचा असेल तर तिथे सुई-दोरा लावणं म्हणजे धरणाच्या भिंतीला खिळा ठोकणं.

मघाशी म्हटलेला अपवाद इथे येतो. घरात आई, मामा, आजोबा अशा कुणाकुणाचा घोळणा वरचेवर फुटतो, ओठांवर-जिभेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, तर तो आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आतड्यातून रक्त जाणं मात्र यात सहसा मोठेपणी सुरू होतं.

अर्थात, शीमध्ये रक्त दिसलेल्या शंभर मुलांत हे दोष कुठेतरी शेवटी येतात. खडा धरून शीची जागा चिरली तर वरून लाल रेघ असते आणि मूल रडतं. दोन ते सहा वर्षांत न दुखता रक्त पडलं तर मोठ्या आतड्यातला देठाचा कोंब, म्हणजे पॉलिप, हे नेहमीचं कारण. न दुखता एकदम भरपूर गेलं तर मेकेलची पिशवी, म्हणजे लहान आतड्याला जन्मतः राहिलेली एक छोटी पिशवी, आठवावी लागते. रक्ताच्या उलट्या झाल्या आणि प्लीहा मोठी लागली तर यकृताकडे जाणारी शीर बंद झालेली असू शकते, आणि हे आपल्या देशातल्या मुलांमध्ये दुर्मीळ नाही. शिवाय बीट खाल्लं की शी लाल होते, लोहाच्या औषधाने काळपट-हिरवी होते. रक्ताची काळी शी वेगळी: डांबरासारखी चिकट, चमकदार, आणि एकदा वास आला की विसरता येत नाही असा.

आता माझ्या टेबलावर या. पहिली तपासणी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. लोह कमी असलं की लाल पेशी लहान आणि फिक्या दिसतात, आणि प्लेटलेट सहसा वाढलेल्या असतात. फेरिटिन म्हणजे लोहाचं गोदाम. ते ताप-सर्दी असताना तपासू नका, कारण जंतुसंसर्गात ते खोटंच वाढतं आणि गोदाम भरलेलं भासतं. रेटिक म्हणजे नव्याने तयार झालेल्या लाल पेशींची मोजणी. लोह सुरू आहे, रेटिक वाढलेलं आहे, म्हणजे कारखाना जोरात चालू आहे, तरी एचबी जागचं हलत नाही, तर माल कुठेतरी बाहेर जातोय. माझ्या मते सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात बोलका आकडा हाच.

आणखी एक बारकावा. शिरांच्या मोठ्या दोषात रक्त साचतं, साचलेलं रक्त आत थोडं थोडं गोठतं आणि विरघळतं. त्यात गोठण्याचा माल संपत जातो: डी-डायमर, म्हणजे विरघळलेल्या गुठळ्यांचा चुरा, वाढतं, फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, उतरतं, प्लेटलेट थोड्या कमी होतात. म्हणजे रक्त गळतंय आणि गोठतंयही, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी अशा काही मुलांना डॉक्टर रक्त पातळ करणारं हेपारिनचं इंजेक्शन देतात. रक्तस्राव होणाऱ्या मुलाला रक्त पातळ करणारं औषध म्हटल्यावर नातेवाईक हादरतात, भांडतात. ते चुकून दिलेलं नसतं. आधी गुठळ्या थांबल्या की गोठण्याचा माल वाचतो आणि ऑपरेशनमध्ये रक्त कमी जातं.

शीतलं लपलेलं रक्त शोधायच्या तपासणीबद्दल मी जरा कडू बोलणार आहे. जुनी पद्धत मटण, मुळा यानेही फसते आणि नसलेलं रक्त दाखवते. नवी पद्धत फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते, पण लहान आतड्यात वरच्या बाजूला सुटलेलं रक्त खाली येईपर्यंत पचून जातं, म्हणून ती असलेलं रक्त चुकवू शकते. एकदा 'निगेटिव्ह' आलं म्हणून फाइल बंद करायची नसते. तीन वेगवेगळ्या दिवशी नमुना द्या.

मग सोनोग्राफी, डॉपलरसह. स्वस्त, भूल लागत नाही, आणि करणाऱ्याची नजर तयार असेल तर जाड झालेली आतड्याची भिंत आणि वाहण्याचा वेग दोन्ही कळतं. पोटाच्या साध्या एक्स-रेतही कधी दाणे दिसतात, साचलेल्या रक्ताच्या गुठळ्यांवर चुना चढून झालेले गोल खडे. मोठ्या माणसांच्या ओटीपोटात ते सर्रास सापडतात, पण मुलाच्या एक्स-रेत दिसले तर ती मोठी खूण. पूर्ण नकाशा मात्र एमआरआय देतो. शिरांचा दोष त्यात पांढराशुभ्र चमकतो, आणि तो आतड्यापुरता आहे की मूत्राशय, मांडी, पाठीपर्यंत पसरलाय ते कळतं. लहान मुलाला त्यासाठी झोपवावं लागतं. सीटी अँजिओग्राफी जोरात रक्त चालू असताना कामाची, कारण ती दोन-चार मिनिटांत होते.

दुर्बीण दोन बाजूंनी जाते. तोंडातून गेलेली जठराच्या पुढे थोडी, खालून गेलेली मोठं आतडं संपेपर्यंत आणि जरा आत. अडचण मधल्या पट्ट्याची आहे. पाच वर्षांच्या मुलाचं लहान आतडं चार मीटरच्या आसपास असतं आणि त्यातलं बहुतेक या दोन दुर्बिणींना दिसतच नाही. 'दोन्ही दुर्बिणी नॉर्मल' म्हणजे 'आतडं नॉर्मल' नव्हे. इगतपुरी आणि मनमाड बघून आलो, मधलं नाशिक रोड स्टेशन बघितलंच नाही, असं ते आहे. आणि दुर्बिणीत निळी गाठ दिसली तर तिचा तुकडा तपासायला काढत नाहीत. रंग, मऊपणा आणि एमआरआय यावरच निदान होतं. तुकडा काढला तर रक्ताची धार लागते.

मधल्या पट्ट्यासाठी कॅप्सूल आहे. लांबट द्राक्षाएवढी, साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड, आत कॅमेरा, दिवा, बॅटरी. गिळली की आठ-दहा तास फोटो काढत खाली जाते आणि शीवाटे पडते. अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी तिला २००१ मध्ये मंजुरी मिळाली आणि २००९ पासून दोन वर्षांच्या मुलांपर्यंत. गिळता न येणाऱ्या मुलाला भूल देऊन दुर्बिणीने ती थेट जठराच्या पुढे सोडतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आतडं कुठे अरुंद असेल तर ती अडकू शकते, म्हणून आधी तशी शंका दूर करतात. आणि कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही, कारण आत धातू आहे. मुलाची शी बघत बसायचं काम आईचंच होतं, त्याला इलाज नाही. कॅप्सूल फक्त दाखवते, इलाज करत नाही. त्यासाठी फुग्यांची लांब दुर्बीण लागते, जी जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ च्या सुमारास पुढे आणली. फुगे फुगवत-सोडत ती आतडं बाहीसारखं स्वतःवर गोळा करत आत सरकते. मुलांमध्ये ती करणारे हात थोडेच आहेत.

उपचारांत आधी पाण्याची टाकी भरायची, मग गळती. एचबी फार उतरलेलं असेल तर रक्ताची पिशवी, पण जपून. वारंवार रक्त चढवलं की अंगात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारी पिशवी मिळणं अवघड होतं. तोंडाने लोह पुरत नसेल तर ते शिरेतून देतात. सौम्य गळतीची काही मुलं केवळ लोहावर वर्षानुवर्षं ठीक राहतात, आणि मला विचाराल तर तो कमीपणाचा उपचार नाही.

मागच्या काही वर्षांत खेळ बदलला तो सिरोलिमस या औषधाने. याची कुळकथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून १९६० च्या दशकात एका कॅनडियन मोहिमेने मातीचे नमुने आणले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे द्रव्य वेगळं काढणाऱ्या चमूचे प्रमुख होते सुरेंद्रनाथ सेहगल, अखंड पंजाबात जन्मलेले. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी ते घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवलं. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून. पुढे लक्षात आलं की ते पेशींमधल्या ज्या वाढीच्या कळीवर बोट ठेवतं, तीच कळ रचनादोषात अडकून चालू राहिलेली असते. निळ्या रबरी गाठींतला टीईके असो की क्लिपेल-ट्रेनॉनेमधलं 'पीआयके३सीए' हे जनुक, दोन्ही वाटा त्या कळीपाशी येतात. गाठी पूर्ण जात नाहीत, पण पुष्कळ मुलांचं रक्त गळणं कमी होतं आणि पिशव्या चढवणं थांबतं. औषध बंद केलं की त्रास परतू शकतो, त्यामुळे ते बरेचदा दीर्घकाळ घ्यावं लागतं.

ते प्रतिकारशक्ती दाबतं, हे विसरायचं नाही. तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, साधा ताप अंगावर काढता येत नाही. जिवंत लसी टाळाव्या लागतात. पोलिओ रविवारी बूथवरची ताई दारात आली तर थेंब देण्याआधी तिला औषधाचं नाव दाखवा. बुरशीची आणि टीबीची काही औषधं, काही अँटिबायोटिक यांनी सिरोलिमसची पातळी भलतीच वर-खाली जाते. कागदावर 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' असं लिहिलेलं असतं आणि आपल्या जिल्ह्यात त्याचा हमखास घोळ होतो. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे! ते पपनसाच्या जातीचं फळ. द्राक्षं बंद करून पपनस चालू ठेवलं तर सगळंच उलटं होईल.

दुर्बिणीतून गाठ जाळणं, तिला रबरी कडं घालणं, आत औषध टोचून ती सुकवणं हे उपाय जठर आणि मोठ्या आतड्यातल्या थोड्या, छोट्या गाठींना बरे पडतात. पण गाठ पुष्कळदा भिंतीच्या आरपार असते आणि मुलांच्या आतड्याची भिंत पातळ. जास्त जाळलं तर भोक. वेगवान प्रकारात मांडीतून नळी घालून रक्त पुरवणारी वाट आतून बंद करतात. तिथे भीती दुसरी, त्या वाटेवर अवलंबून असलेला आतड्याचा तुकडाच मरण्याची.

ऑपरेशन एका जागी साठलेल्या दोषाला उत्तम. विखुरलेल्या गाठी असतील तर सर्जन संपूर्ण आतडं हातात घेऊन, ऑपरेशनच्या वेळीच आतून दुर्बीण फिरवून एकेक गाठ शोधतात आणि छोट्या पाचरी कापून शिवतात. मोठमोठे तुकडे कापत गेलं तर अन्न शोषायला आतडंच उरत नाही. काम आठ-आठ तास चालू शकतं. गुदाशयाचा दोष असेल तर तिथलं आतलं अस्तर काढून वरचं निरोगी आतडं खाली ओढून जोडतात, शीवरचा ताबा देणारे स्नायू शाबूत ठेवून. त्या भागाकडून यकृताकडे जाणारी शीर खूप फुगलेली आहे का, हे आधी बघायला हवं, कारण तिच्यातली गुठळी सुटून यकृताची मुख्य शीर बंद पडू शकते.

थांबायचं नाही अशा वेळा थोडक्यात: रक्ताची उलटी, चक्कर येऊन पडणं, हातपाय गार आणि छाती धडधडणं, किंवा पोटात कळा येऊन हिरवी उलटी आणि जेलीसारखं लाल. शेवटच्यात आतडं आतड्यात घुसलेलं असू शकतं, आणि त्याला कारण कधी हीच गाठ असते. १०८ ला फोन करा.

नाशिकमध्ये सुरुवात आपल्या बालरोगतज्ज्ञांपासून किंवा जिल्हा रुग्णालयापासून करा. अंगणवाडीत-शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाच्या निळ्या गाठी आणि जुने एचबी दाखवा. शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ठाऊक असेलच. पण लहान मुलाची कॅप्सूल, मोठं ऑपरेशन यासाठी बहुतेकांची धाव मुंबईकडेच असते, परळच्या वाडिया, केईएमकडे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठला उपचार बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि पंचवटी एक्स्प्रेस पकडण्याआधी एक कागद तयार करा: डावीकडे तारीख, उजवीकडे एचबी, शेजारी लोह चालू की बंद, रक्त चढवलं का. जाडजूड फाइलपेक्षा डॉक्टर तो एक कागद आधी वाचतील.

सिरोलिमस सुरू झालं की रक्तातली त्याची पातळी ठरावीक दिवसांनी मोजायला तुम्ही आमच्यासारख्या एखाद्या लॅबमध्ये याल. तो नमुना सकाळची मात्रा घेण्याआधी द्यायचा असतो. घरून औषध घेऊन निघालात तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर उगाच मात्रा कमी करतात. आमच्याकडे त्र्यंबककडून पहिल्या बसने येणारी एक आई ती गोळी रुमालाच्या टोकाला बांधून आणते. रक्त घेऊन झालं, कापूस लावला, की मग गाठ सोडते.